मराठीचा तास आणि इतिहासाचा तास एकाच फळ्यावर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडल्या की वार्षिक नियोजनाच्या वह्या भरायला घेतल्या जातात. मराठीच्या शिक्षिका आपली वही भरतात, इतिहासाच्या आपली. दोघी बसतात एकाच शिक्षक खोलीत, बऱ्याचदा एकाच टेबलाशी. पण एकीची वही दुसरीने उघडून पाहिली, असे सहसा घडत नाही. मग ऐरोलीच्या आठवीतली मुलगी 'बोलीभाषा' म्हणून वऱ्हाडीतला उतारा वाचते, टिपा पाठ करते, आणि घरी आजी ज्या आगरी बोलीत हाक मारते तिचे नावही त्या तासाला निघत नाही. इतिहासाच्या तासाला साष्टीचा उल्लेख आला तर ओझरता. साष्टी म्हणजे आपण रोज रेल्वेने ओलांडतो तीच भूमी, हे मुलांना सांगायचे राहूनच जाते.

आमची सूचना साधी आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांनी आठवी-नववीला वर्षातून एकदा आठ तासिकांचा एक घटक दोन्ही विषयांत मिळून घ्यावा. मजकूर एकच. मराठीच्या चार तासिकांत तो साहित्य म्हणून वाचायचा आणि इतिहासाच्या चार तासिकांत साधन म्हणून तपासायचा. यासाठी नवे पुस्तक नको, निधी नको, शासन निर्णयाची वाट पाहायला नको. सध्याच्या सातवी, आठवी आणि नववीच्या इतिहासाचा पहिला पाठच 'इतिहासाची साधने' हा आहे. त्यात मौखिक साधनांत ओव्या, लोकगीते, पोवाडे येतात. मुले ती व्याख्या लिहितात, दोन गुण मिळवतात आणि एकही ओवी न ऐकता पुढच्या वर्गात जातात.

मजकूर कुठला घ्यावा, इथेच बहुतेकांचे घोडे अडते. म्हणून घोड्यापासूनच सुरुवात करतो.

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला आहे. पोर्तुगिजांनी तो १७३० मध्ये बांधायला घेतला, बांधकाम पुरे होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. याच किल्ल्यात पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे कैदेत होता. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला, त्याचा ठपका त्याच्यावर होता. सप्टेंबर १८१६ मध्ये तो इथून निसटला. कसा, ते ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात दिले आहे. पहारा युरोपियन शिपायांचा. तिथल्या एका अधिकाऱ्याकडे मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, नोकरीला होता. घोडा फिरवताना तो त्रिंबकजीच्या खिडकीखालून येरझारा घालायचा आणि कळवायचे ते सहज गुणगुणल्यासारखे गाऊन जायचा. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते. फितुरी होऊ नये म्हणून परका पहारा ठेवला आणि नेमकी तीच फट निघाली. भाषेच्या तासाला याहून चांगला विषय आम्हाला तरी माहीत नाही.

दुसरे साधन बिशप हेबरचे प्रवासवर्णन. तो १८२५ मध्ये मुंबई इलाख्यात आला होता, पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये निघाले. त्याने मोतद्दाराचे गाणे दिले आहे, पण इंग्रजीत, यमके जुळवून. आशय असा: झुडपाआड तिरंदाज दबा धरून आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, रानवाटेने माझ्यासोबत येईल असा स्वार कुठे मिळेल? तिथे पंचावन्न घोडे आहेत आणि चोपन्न माणसे. पंचावन्नावा स्वार घोड्यावर बसला की दख्खन पुन्हा भरभराटेल.

आता तासिकांचा हिशोब. एक तासिका ३५ मिनिटांची धरली आहे.

पहिल्या तासिकेला मराठीच्या बाईंनी डफचा परिच्छेद आणि हेबरच्या कडव्यांचा आशय साध्या गद्यात वाचून दाखवावा. यमक जुळवू नये. का, ते पुढे येईल. मुलांनी फक्त एक यादी करायची: या गाण्यातून कैद्याला नेमके काय काय कळले? माणसे लपली आहेत, घोडा तयार आहे, वाट रानातून आहे, आणि पंचावन्नातून चोपन्न वजा केले की उरतो तो एक. तो एक म्हणजे खुद्द ऐकणारा. हे कोडे बाईंनी सोडवून देऊ नये. थांबले तर पाच-सात मिनिटांत वर्गातून उत्तर येते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तासिकेला मुलांनी हेच गाणे मराठीत रचायचे. अट दोनच: ज्याला ठाऊक नाही त्याला संशय येता कामा नये आणि ज्याला ठाऊक आहे त्याला आकडा कळला पाहिजे. पहिल्या खेपेला निम्मा वर्ग 'पळा पळा त्रिंबकजी' छापाचे काहीतरी लिहितो. इंग्रज शिपायाला मराठी येत नसेल, पण कैद्याचे नाव तर येत असेल ना! मग नाव गळते, घोड्याचे बैल होतात, स्वारांच्या साळुंक्या होतात, आकडा मात्र टिकतो. ओवीचा साचा द्यावा, पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा आखूड. जात्यावर म्हणता येते का, हे टेबलावर हात फिरवून बघावे. रूपक, श्लेष, अन्योक्ती हे शब्द इथे फळ्यावर लिहिले तर मुलांना ते लागतात कशाला, हे कळते. चौथी तासिका वाचनाची. वर्गातली चार मुले 'पहारेकरी' होतात आणि ज्या ओवीतला निरोप त्यांना पकडता येईल ती बाद.

पाचव्या तासिकेपासून फळा इतिहासाच्या बाईंकडे. हीच दोन साधने आता शेजारी ठेवायची. डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यात रेसिडेंट होता, मराठी दरबारातली माणसे आणि कागद त्याच्या रोजच्या हाताखालचे. हेबर घटनेनंतर नऊ वर्षांनी आलेला पाहुणा. मुलांनी वहीत तीन वाक्ये लिहायची आणि प्रत्येकासमोर आधार किती ते मांडायचे. 'गाण्यातून निरोप गेला': दोन लेखक सांगतात, पण दुसऱ्याने पहिल्यासारखीच ऐकीव गोष्ट घेतली असू शकते. 'पंचावन्न घोडे होते': एकटा हेबर सांगतो, आणि तोही कवितेत. 'मोतद्दाराचे मूळ मराठी शब्द असे होते': दोघांपैकी कुणीच देत नाही. ही तीन वाक्ये ज्या मुलाला वेगळी करता आली त्याला साधनांचा पाठ समजला. नुसती व्याख्या लिहिणाऱ्याला समजला की नाही, ते सांगता येत नाही.

सहावी तासिका कैदेच्या कारणाची, सातवी नकाशाची. खाडी कुठे, पेशव्यांचा मुलूख कुठे, इंग्रजांनी पुण्यापासून दूर हाच किल्ला का निवडला. कारागृहाच्या आत मुलांना नेता येत नाही आणि बाहेरून फोटो काढायच्या भानगडीतही पडू नये. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा फळ्याएवढा मोठा करून घेतला की भागते. याच भिंतीआड १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिले, हेही तिथेच सांगावे. वास्तू एक, काळ तीन. आठव्या तासिकेला दोन्ही बाईंनी वर्गात एकत्र उभे राहावे. वेळापत्रकात हे बसवणे सगळ्यात जड जाते, म्हणून जूनमध्येच मुख्याध्यापकांकडून त्या एका दिवसाची अदलाबदल लिहून घ्यावी.

इथे हमखास होणाऱ्या दोन चुका. पहिली, त्रिंबकजीचा नायक होतो. सुटकेची गोष्ट रंगते आणि खून बाजूला पडतो. सहाव्या तासिकेत शास्त्र्यांच्या खुनाला पूर्ण वेळ दिला नाही तर घटक फसला असे समजावे. दुसरी चूक जास्त महागात पडते. वर्गातली एखादी ओवी खरोखर झकास जमते, कुणीतरी तिचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकते आणि चार महिन्यांनी ती 'त्रिंबकजीच्या मोतद्दाराचे मूळ मराठी गाणे' म्हणून कुठून तरी परत येते. बनावट साधन असेच जन्माला येते, कुणाच्या मनात फसवणूक नसताना. म्हणून प्रत्येक कागदाच्या तळाशी 'वर्गात रचलेले', इयत्ता आणि साल ही ओळ शाईने लिहायलाच लावावी. बाईंनी स्वतः सुरुवातीला यमक जुळवू नये, तेही याचसाठी.

किल्ल्याच्या पलीकडे, खाडीपार गेले की मजकूर बदलतो. कळवा, दिवा, घणसोली, गोठिवली, करावे, दिवाळे, शिरवणे या गावांत आगरी-कोळी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारिणी आहेत. आगरी समाजात लग्नाचा विधी धवलारिणीच्या गाण्यावर चालत आला आहे. आता तेराव्या शतकातल्या महदाइसेकडे वळा. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून मुले तिचे नाव पाठ करतात आणि तिच्या रचनेचे नाव 'धवळे', म्हणजे लग्नातली गाणी, विषय रुक्मिणीचे स्वयंवर. महदाइसेचे विदर्भातले रिद्धपूर कुठे, घणसोली कुठे! तरी शब्द एक. आगरीत 'ळ'चा 'ल' होतो, म्हणून धवळेचा धवला. हे फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले की ज्या पोरीची आजी धवले म्हणते ती पोर ताठ बसते. तिथेच बाईंनी एक सावधगिरी बाळगावी. नाव एक म्हणून गाणीही त्याच परंपरेतून उतरली, असे लगेच म्हणू नये. शब्दाचे नाते दाखवता येते, गाण्यांचे दाखवायला आणखी पुरावे लागतील. हे वाक्य इतिहासाच्या बाईंच्या वाटणीचे.

धवले गोळा करण्याची रीत नीट सांगायला हवी, कारण उत्साहात सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. ऐन लग्नात ध्वनिमुद्रण करू नये. डीजे, भटारखाना आणि पाहुणे यांच्या गलक्यात शब्द कळत नाहीत आणि बाई विधीत गुंतलेल्या असतात. लग्नसराई संपल्यावर, दुपारच्या निवांत वेळी, घरी जावे. आधी विचारावे, कारण काही गाणी त्या त्या विधीशीच बांधलेली असतात आणि एरवी म्हणायला गाणाऱ्या बाई तयार नसतात. तिथे आग्रह करू नये. पंखा बंद, फोन गाणाऱ्या बाईंपासून हातभर अंतरावर उशीवर. टेबलावर ठेवला तर प्रत्येक टिचकी मुद्रित होते. मुद्रणाच्या सुरुवातीलाच तारीख, गाव आणि 'हे शाळेसाठी वापरायला माझी हरकत नाही' एवढे त्यांच्याच तोंडून घ्यावे. तीन मिनिटे पुरतात. तासभराचे मुद्रण आणणाऱ्या गटाकडून एक ओळही लिहून होत नाही, कारण एका मिनिटाचे गाणे कागदावर उतरवायला नवख्या मुलांना पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात.

उतरवण्याचे काम दोन मुलांनी वेगवेगळे करावे, मग कागद जुळवावे. जिथे फरक पडला तिथे वर्तुळ. तिसऱ्यांदा ऐकूनही मिटला नाही तर दोन्ही पाठ ठेवावेत आणि गाणाऱ्या बाईंना विचारावे. प्रत्येक ओळीखाली दोन रिकाम्या ओळी सोडायच्या: पहिलीत प्रमाण मराठी, दुसरीत टीप. आणि लाल पेन कपाटात. 'डोला', 'पानी', 'गारी', 'घोरा' हे शब्द डोळा, पाणी, गाडी, घोडा असे दुरुस्त केले की गाणे मेले. ळ, ण आणि ड यांचे ल, न, र होणे हा आगरीचा नियम आहे. तो नियम मुलांनी स्वतः दहा ओळींतून शोधून काढला तर मराठीच्या व्याकरणाचा उरलेला तास वाचतो.

दुसरी अडचण हसण्याची. वर्गात आगरी शब्द आला की पाठीमागच्या बाकावर खसखस पिकते. यावर भाषण उपयोगी पडत नाही. ज्या मुलांना बोली येते त्यांना 'तपासनीस' नेमावे. बाकीच्यांचे लिखाण त्यांच्या सहीशिवाय पुढे जाणार नाही. पण एखाद्या मुलाला उभे करून 'आता आगरीत बोलून दाखव' असे मात्र कदापि सांगू नये. मुलाचा नमुना होतो आणि तो पुन्हा वर्षभर तोंड उघडत नाही.

'स्थानिक' हा शब्द नवी मुंबईत जपून वापरावा लागतो. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे इथल्या वर्गांत माथाडी कामगारांची मुले-नातवंडे मोठ्या संख्येने आहेत. त्यांची गावे सातारा-सांगलीकडची. मुंबईतल्या गोद्या-बाजारांत ओझी वाहणारे हे लोक, माथाडी कायदा १९६९ चा, पुढे घाऊक बाजार वाशीला हलला आणि त्याच्याबरोबर वस्तीही. या मुलांच्या आज्यांना धवले येत नाहीत, पण जात्यावरच्या ओव्या येतात. मुंबईला गेलेल्या भावाची, मुलाची, धन्याची वाट पाहणाऱ्या ओव्या. त्या ओव्या साताऱ्याच्या आणि त्यांचा इतिहास कोपरखैरण्याचा. 'स्थानिक म्हणजे फक्त गावठाण' अशी रेघ शिक्षकाने मारली तर अर्धा वर्ग पहिल्याच दिवशी बाहेर पडतो. उलट 'आपण सगळेच कुठून तरी आलो' असे म्हणून गावठाणाचे वेगळेपण पुसले तर उरलेला अर्धा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. हे वर्गात टाळले जाते, पालक काय म्हणतील या धास्तीने. टाळू नये. सरकारी निवेदन, त्या दिवसांतले वर्तमानपत्र आणि एखाद्या आजोबांची तोंडी आठवण ही तीन साधने शेजारी ठेवावीत आणि त्रिंबकजीच्या वेळी लिहिली तशीच आधाराची वाक्ये इथेही लिहायला लावावीत. सराव आधी दोनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर घ्यायचा तो यासाठीच. तिथे कुणाचे काका-मामा गुंतलेले नसतात.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर सातबाऱ्याबद्दल. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. त्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, पण भाषेच्या शिक्षकाला तिथे खजिना आहे. पालकांकडचे जुने उतारे मागवावेत, खातेदारांची नावे आणि गट क्रमांक कागदाची पट्टी लावून झाकावेत आणि फक्त त्या रकान्यातल्या नावांची यादी करावी. खाजण, बांध, उघाडी, आगर असे शब्द दिसले की समुद्राचे पाणी अडवून शेती आणि मीठ पिकवणाऱ्या माणसांचा इतिहास आपोआप समोर येतो. उघाडी म्हणजे खारबांधातला पाणी सोडायचा दरवाजा, हे आज वाशीच्या किती मुलांना माहीत आहे? नावांच्या व्युत्पत्तीत मात्र घसरायला होते. जुने लिखित रूप मिळाल्याशिवाय व्युत्पत्ती मान्य करायची नाही, हा नियम ठेवावा. ठाण्याचे 'श्रीस्थानक' शिलाहार राजांच्या ताम्रपटांत सापडते, म्हणून ते चालते. बाकी गावांच्या रंजक कथा 'लोक असे म्हणतात' या मथळ्याखाली लिहाव्यात, त्याही लिहायच्या जोग्या असतातच.

शिलाहारांवरून गधेगाळ, म्हणजे दानाचा लेख कोरलेली शिळा, आठवते. वर चंद्रसूर्य, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली गाढवाची शापवाणी. अनेक ठिकाणी या शिळांना शेंदूर फासलेला दिसतो. चित्र आणि शिवी दोन्ही आठवीच्या वर्गात अडचणीची, हे मान्य. नववीला घ्यावे, चंद्रसूर्य म्हणजे 'जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर', इथून सुरुवात करावी आणि शिवीला 'शापवचन' म्हणून पुढे जावे. मुले काय ते समजतात.

इतर मजकुरांविषयी थोडक्यात. १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीसाठी गोविंद नारायण माडगावकरांचे १८६३ सालचे 'मुंबईचे वर्णन' हाताशी आहे. घटनेनंतर दहाच वर्षांनी लिहिलेले मराठी गद्य आठवीला झेपते. जोडीला २१ मैल, १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी, ३ इंजिने. प्रवासाला लागलेला वेळ मात्र दोन-चार पुस्तकांत बघायला सांगावा. वेगवेगळे आकडे सापडतात आणि तोच धडा. विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' पेण तालुक्यातल्या वरसईपासून सुरू होते. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापताना त्यात फेरफार केले होते, मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणला. एक परिच्छेद दोन्ही आवृत्त्यांतून समोरासमोर ठेवला की 'संपादन' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर उत्तर कोकणासाठी महत्त्वाची खरी, पण ती अनेक हातांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेली आहे आणि भाषा जड. दहा ओळींपलीकडे जाऊ नये. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' नववीच्या आत देऊ नये. त्यातला 'लग्नगडी' हा एक शब्द, लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारा माणूस, एका तासिकेला पुरून उरतो. या पुस्तकातला वारल्यांचा उठाव आजच्या पालघर जिल्ह्यातला. पण पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, हेही सांगून टाकावे.

झेरॉक्सची भीती बाळगू नये. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे माडगावकर, राजवाडे, वैद्य मोकळे आहेत. अलीकडच्या पुस्तकांतले पान-दोन पान वर्गात शिकवण्यापुरते घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, आख्खे पुस्तक मात्र काढू नये. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर शासनाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. आणि ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. त्याच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या विनायक लक्ष्मण भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिले. मराठी वाङ्‌मयाचा इतिहास लिहिणारा माणूस ठाण्याचा, हे ठाण्याच्याच मुलांना परीक्षेपुरतेही माहीत नसते. ग्रंथालयात चाळीस मुलांची सहल नेऊ नये. चार मुले, एक शिक्षक, आधी कळवलेली पुस्तकांची यादी आणि दोन तास. जुनी पाने बोटाला थुंकी लावून उलटायची नाहीत, हे दारातच सांगावे लागते, मोठ्यांनाही.

गुणांशिवाय शाळेत काही हलत नाही, म्हणून तेही. अंतर्गत मूल्यमापनातले दहा गुण या घटकाला द्यावेत: लेखन ऐकल्याबरहुकूम आहे का याला तीन, कुणाकडून, कधी, कुठे मिळाले या नोंदीला दोन, विधान आणि आधार वेगळे मांडण्याला तीन, तोंडी दोन. सजावटीला शून्य. थर्माकोलचा किल्ला आणि चकचकीत फाइल यांना गुण दिले की पालक रात्री बारापर्यंत कात्री चालवतात आणि मूल झोपी जाते. दोन्ही विषयांत तोच उपक्रम मोजायचा असेल तर मराठीने पहिले आणि चौथे, इतिहासाने दुसरे आणि तिसरे कलम तपासावे. एकच वही दोनदा तपासायचा त्रास वाचतो.

वेळ निवडताना फेब्रुवारी टाळावा. २७ फेब्रुवारीच्या आसपास मराठी भाषा गौरव दिनाची ग्रंथदिंडी, फेटे, एक पाहुणे आणि त्यांचे पाऊण तासाचे भाषण यांत सगळे उरकते, आणि नववी तोवर परीक्षेच्या तोंडावर असते. पहिली घटक चाचणी संपली की ऑगस्टमध्ये त्रिंबकजीचा घटक सुरू करावा. भाद्रपदात गौरी येतात, तेव्हा घरोघर बाया फेर धरून गातात. मुलांनी आपापल्या घरातले एकेक गाणे त्याच सुटीत टिपून आणावे. धवले आणि ओव्यांचे काम दिवाळीच्या सुटीत, तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू होण्याआधी.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. शाळांना सगळ्यात अवघड जाते ते त्या त्या दिवसाचे वर्तमानपत्र मिळवणे. आपल्या दप्तरी जुने अंक जपलेले असतील, तर जानेवारी १९८४ च्या तिसऱ्या आठवड्यातल्या अंकांची ठाणे-नवी मुंबईच्या बातम्यांची पाने शाळांना पाहायला मिळावीत. शाळेच्या शिक्क्याचे पत्र आणले की प्रत्येक शाळेला एक झेरॉक्स, तिचा खर्च शाळेने द्यावा, एवढी सोय पुरे. अंकाची तारीख आणि पान क्रमांक झेरॉक्सवर दिसेल अशी प्रत मिळाली तर फार बरे. ते कापले गेले की वर्गात त्या कागदाचा उपयोग निम्मा होतो.

आपल्या,
मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या दोन शिक्षिका, ठाणे